मॅग्नेशियमचं आडनाव

हल्ली घराचं इंटिरिअर काढलं की फॉल्स सीलिंग आणि पार्टिशनसाठी 'एमजीओ बोर्ड' हे नाव कानावर पडतं. एमजीओ म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. विकणारा चार गोष्टी धडाधड सांगतो : जळत नाही, वाळवी लागत नाही, पाण्याने काही होत नाही आणि पर्यावरणाला चांगला. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन मान्य करा, उरलेल्या दोनवर मात्र त्याला जरा छळा.

मुळात ही पांढरी पावडर गुणी आहे यात वादच नाही. ती वितळायला साधारण २८०० अंश सेल्सियस लागतात, म्हणून पोलादाच्या भट्टीला आतून हिच्या विटा लावतात. उष्णता छान जाऊ देते पण वीज नाही, म्हणून गिझरच्या कॉइलमध्ये आतली तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये हीच ठासून भरलेली असते.

पण नुसत्या पावडरीचा बोर्ड होत नाही. तिला बांधून ठेवायला जोडीदार लागतो आणि सगळा खेळ तिथेच आहे. माणसांना आडनाव विचारायला मला आवडत नाही, पण मॅग्नेशियमला मात्र जरूर विचारावं :)

बोर्डांमधला जुना जोडीदार म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड. हे मिश्रण सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८६७ मध्ये मांडलं, म्हणून त्याला सोरेल सिमेंट म्हणतात. कडक, गुळगुळीत, जळत नाही. खोट एकच, पाणी. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना? त्यामागे बहुतेक वेळा मिठात राहून गेलेलं मॅग्नेशियम क्लोराइडच असतं. तेच या बोर्डात मुरलेलं आहे.

डेन्मार्कने याची किंमत मोजली. तिथे २०१० च्या सुमारास इमारतींच्या बाहेरच्या आवरणामागे वारा अडवायला हे बोर्ड सर्रास लागले. हिवाळ्याच्या दमट हवेतून बोर्डांनी ओल ओढली आणि त्यांना खारट पाण्याचे थेंब सुटले. स्क्रू गंजले, शेजारचं लाकूड भिजलं. २०१५ पर्यंत प्रकार उघड झाला आणि बोर्ड काढून बदलायची वेळ आली. वैताग याचा येतो की सोरेल सिमेंटला पाणी सोसत नाही हे रसायनवाल्यांना कधीपासून माहीत होतं. पण 'एमजीओ' या तीन अक्षरांत ते कुठे दिसतच नव्हतं! आमच्या धंद्यात लायब्ररीचं नुसतं नाव ऐकून कोणी कोड लाइव्ह करत नाही, आधी व्हर्जन विचारतो. भिंतीच्या बाबतीत मात्र आपण नावावरच भुलतो. मुंबई-कोकणातला जुलै आठवा आणि मग ठरवा.

दुसरा जोडीदार फॉस्फेट. १५०० अंशांच्या वर भाजून 'थंड' केलेली, म्हणजे सहजासहजी प्रतिक्रिया न देणारी मॅग्नेशिया घ्यायची आणि त्यात पोटॅशियम किंवा अमोनियमचं आम्लधर्मी फॉस्फेट व पाणी घालायचं. काही मिनिटांत दगड! इतकी घाई की जरा दमाने घट्ट व्हावं म्हणून त्यात टाकणखार घालतात. काही तासांत गाडी जाऊ शकते, म्हणून रस्ते आणि धावपट्ट्यांच्या दुरुस्तीला ते वापरतात. अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेत अरुण वाघ आणि सहकाऱ्यांनी याच रसायनातून किरणोत्सारी कचरा कोंडून ठेवायचा 'सेरामिक्रीट' बनवला. अमोनियमवाल्या प्रकारात जे खनिज तयार होतं ते स्ट्रुव्हाइट, म्हणजे काही मुतखड्यांमध्ये सापडतं तेच. ते पाण्याला किती दाद देतं हे ज्याला झालाय त्याला सांगायला नको!

मग सगळे बोर्ड फॉस्फेटचे का करत नाहीत? महाग पडतं, आणि फॉस्फेट आधी शेताला खत म्हणून लागतं. मधला मार्ग म्हणून सल्फेटवाले बोर्ड आले आहेत. त्यात मुद्दाम घातलेलं क्लोराइड नसतं, त्यामुळे गंजाची भीती बरीच कमी.

राहिला पर्यावरणाचा मुद्दा. अकरावीचं गणित आहे. ८४ किलो शुद्ध मॅग्नेसाइट दगड भाजला की ४० किलो मॅग्नेशियम ऑक्साइड मिळतं आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ५२ टक्के वजन धुराड्यातून गेलं. सिमेंटच्या चुनखडीत हाच आकडा ४४ टक्के. बोर्डाची मॅग्नेशिया ७०० ते १००० अंशांवर भाजते, सिमेंटला १४५० च्या आसपास लागतात, तेव्हा इंधन वाचतं हे खरं. पण 'हिरवा' शिक्का मारण्याआधी हा दगडातून निघालेला वायूही हिशोबात धरायला हवा की नको?

माझा विरोध बोर्डाला नाही, अर्धवट नावाला आहे. औषधाच्या पाकिटावर घटक छापलेले असतात, तसे बोर्डावरही छापायला भाग पाडलं पाहिजे. तोवर दुकानात तीन गोष्टी विचारा : जोडीदार क्लोराइड, सल्फेट की फॉस्फेट? दमट हवेतल्या चाचणीचा कागद आहे का? आणि स्क्रू कोणते वापरायचे? दुकानदाराला उत्तर येत नसेल तर निदान बाहेरच्या भिंतीला आणि बाथरूमला तो बोर्ड लावू नका.