धावपटूची मंद नाडी

१९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या स्पेनच्या मिगेल इंदुराइनचे हृदय विश्रांतीत मिनिटाला अवघे २८ ठोके देत असे, असे सांगतात. सर्वसाधारण माणसाची नाडी ६० ते १०० मध्ये असते. २८ हा आकडा पाहून कुठल्याही दवाखान्यात धावपळ उडेल. इंदुराइन मात्र सायकलवर डोंगर चढत होता.

वर्षानुवर्षे लांब पल्ल्याचा सराव केला की हृदयाचे कप्पे मोठे होतात आणि एका ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडते. विश्रांतीत शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुरते, तेवढे काम मग कमी ठोक्यांत होते. ठोके मंदावणाऱ्या व्हेगस नसेचा जोरही वाढतो. ठोक्यांची सुरुवात जिथून होते ती गाठच सरावाने मंद होते, असे २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. अशा खेळाडूचा झोपेत एखादा ठोका गळतो, श्वासाबरोबर ताल कमीजास्त होतो. बहुतेक वेळा यात काळजीचे काही नसते. स्वीडनच्या हेन्शेन या डॉक्टरांनी १८९९ मध्येच बर्फावर स्कीने धावणाऱ्यांची छाती बोटांनी ठोकून त्यांची हृदये मोठी असल्याचे टिपले होते.

पण त्याच स्वीडनमधून सावध करणारी गोष्टही आली. वासालोपेत या ९० किलोमीटरच्या स्की-शर्यतीतल्या ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच किंवा अधिक वेळा शर्यत पूर्ण केलेल्यांना, एकदाच धावलेल्यांच्या तुलनेत, ताल बिघडण्याचा धोका सुमारे ३० टक्के जास्त होता. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात तो एट्रिअल फिब्रिलेशनचा विकार यात ठळक होता. म्हणून धावणे सोडायचे का? मुळीच नाही. या शर्यतीत उतरणाऱ्यांचे मृत्युप्रमाण सर्वसामान्य स्वीडिश लोकांपेक्षा कमीच आढळले आहे.

प्रश्न आहे तो निरोगी मंदपणा आणि दडलेला आजार वेगळे ओळखण्याचा. इटलीने १९८२ पासून स्पर्धक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे अचानक हृदयमृत्यू दरवर्षी लाखामागे ३.६ वरून ०.४ वर आले. इस्रायलमध्ये मात्र सक्तीनंतर असा फरक दिसला नाही, त्यामुळे सरसकट सक्तीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. शिवाय खेळाडूचा ईसीजी वाचणे हे वेगळेच कसब आहे. त्याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये आले. ते ठाऊक नसतील तर ठणठणीत मुलाला घरी बसवले जाईल आणि खरा रुग्ण नजरेतून सुटेल.

महाराष्ट्रात मुंबई आणि साताऱ्याच्या मॅरेथॉनमध्ये धावणारे निदान घड्याळात ठोके पाहतात. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी गावच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या पोराची नाडी कोण पाहतो? सक्तीचा वाद मिटेपर्यंत थांबायचे कारण नाही. पळताना भोवळ आली का, छातीत दुखले का, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले का, हे विचारायला पैसे लागत नाहीत. एकाही प्रश्नाला ‘हो’ आले, तर तालुक्याच्या रुग्णालयात त्याचा ईसीजी मोफत निघावा आणि तो खेळाडूंची हृदये जाणणाऱ्या तज्ज्ञाने वाचावा. भरतीच्या मैदानावर हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र आणि ते वापरता येणारा माणूसही हवा. हृदय थांबल्यावर मदतीविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि रुग्णवाहिका तेवढ्या वेगाने पोहोचत नाही.