आधी बादली, मग थापी

अंगणातल्या तळ्याचं पाणी रोज कमी व्हायला लागलं की पहिला फोन जातो वॉटरप्रूफिंगवाल्याला. तो येतो, काठावर उभा राहतो, पाण्याकडे बघतो आणि म्हणतो, "तळच गेलाय साहेब, सगळा कोट मारावा लागेल." न मोजता, न खरवडता! आमच्या धंद्यात कुणी लॉग न बघता "सगळा सर्व्हर बदला" म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवतील. इथे मात्र आपण मुकाट्याने ॲडव्हान्स देतो. माझं मत असं की पाणी किती जातंय आणि कुठून जातंय हे ज्याने मोजलं नाही, त्याच्या हातात थापी देऊच नये.

कारण गळती आहे की नाही हाच मुळात पहिला प्रश्न. पुण्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उघडं पाणी नुसत्या उन्हाने दिवसाला ८-१० मिलिमीटर सहज उतरतं. वारा असला तर आणखी. त्यामुळे "रोज बोटभर कमी होतंय" याला काही अर्थ नाही.

त्यासाठी बादली. प्लास्टिकची साधी बादली घ्या, तळाशी एखादी वीट ठेवा आणि काठ वर राहील अशी ती तळ्यातच उभी करा. बादलीत आणि बाहेर पाण्याची पातळी सारखी करा, दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा आणि २४ तास हात लावू नका. (घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी प्रेमाने पाणी घालतं.) ऊन दोघांना सारखंच लागतं. म्हणजे बादलीतलं पाणी जितकं उतरलं ते उन्हाचं, तळ्यातलं त्याहून जास्त उतरलं ते गळतीचं. तळ्यात पंप असेल तर ही चाचणी दोनदा करायची, एकदा चालू ठेवून आणि एकदा बंद करून.

आमचं तळं ३ मीटर बाय २ मीटर. पंप चालू असताना ३.३ सेंटिमीटर पाणी गेलं, बादलीतलं ०.८. फरक अडीच सेंटिमीटर, म्हणजे रोजचे १५० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे घरात एक अख्खा अदृश्य पाहुणा राहात होता, आणि तोही टँकरच्या दिवसांत. दुसऱ्या दिवशी पंप बंद ठेवला, तर तळं आणि बादली बरोबरीने उतरली. म्हणजे तळाला काहीही झालेलं नव्हतं! पाणी जात होतं छोट्या धबधब्यातून. दगडांत शेवाळ आणि पानं साचून वाट अडली होती आणि पाणी कडेने मागच्या मातीत उतरत होतं. अर्धा तास ब्रश, दोन दगड सरकवले, झालं. कोटेशन मात्र अख्ख्या तळाच्या कोटिंगचं होतं.

पंप बंद असूनही पाणी जात असेल तर मग गळती तळ्यात आहे. तेव्हा भर घालणं थांबवायचं (मासे टबात हलवून) आणि पाणी कुठे थांबतं ते बघायचं. जिथे उतरणं थांबतं त्याच पातळीला, चारी बाजूंनी शोधायचं. संशय आला तिथे सिरिंजने थेंबभर दूध हळूच सोडा. भेग असेल तर पांढरी रेघ आत ओढली जाताना दिसते. काठावरची माती आणि गवतही बघा. मुळं पाण्यात लोंबत असतील तर ती वातीसारखं पाणी बाहेर शोषून घेतात.

सिमेंटच्या हौदांचं मात्र वेगळं दुखणं आहे. बार्शीला मामांच्या हौदाला दर उन्हाळ्यात त्याच जागी भेग पडते आणि दरवर्षी मामा ती बुजवतात. दोष गवंड्याचा नाही, खालच्या काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी यावर बरंच काम केलं. त्यांचा उपाय असा की काळी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या मातीचा थर घालायचा. आपल्याकडे चांगला मुरूम त्या कामी येतो. पण हे बांधण्याआधीचं शहाणपण. बांधून झालेल्या हौदात मी तरी पुन्हा सिमेंट ओतणार नाही, सरळ शेततळ्याचा कागद अंथरेन. माती हलली तरी तो थोडं सोसतो. फक्त तो फाटला तर फेविक्विकवर विसंबू नका. त्या प्लास्टिकला गोंद नीट धरत नाही, गरम हवेच्या गनने जोड वितळवूनच बसवावा लागतो.

मातीची कटकट नसेल आणि सिमेंटच दुरुस्त करायचं असेल तर भेगेवर नुसता लेप देऊन भागत नाही. छिन्नीने ती रुंद करून चर पाडायची, धूळ धुवायची, ओली करायची आणि मग पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर दाबून भरायचं. पण मासे लगेच सोडू नका. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. तीन-चार वेळा हौद भरून, दोन-दोन दिवस ठेवून, रिकामा करावा (ते पाणी झाडांनाही नको). शेवटी भरलेलं नळाचं पाणीसुद्धा एक-दोन दिवस उघडं राहू द्या, क्लोरीन उडून जातो. तोवर माशांचा मुक्काम टबातच.