पानं खाल्ली जाऊ द्या

वसुबारसेच्या आधी नाशिकच्या सोसायट्यांत एक काम हमखास निघतं: कंपाउंडलगतचं रान साफ करणं. पावसात माजलेला टाकळा, घोळ, भिंतीच्या फटीतून वर आलेली रुई, सगळं घंटागाडीत जातं. मोकळ्या झालेल्या जागी झेंडूच्या कुंड्या येतात, आणि कुणी हौशी माणूस फुलपाखरांसाठी म्हणून रंगीत घाणेरीही लावतो. फुलपाखरांच्या भराचे दिवस नेमके हेच. साफसफाई निदान तुळशीच्या लग्नानंतर करायला काय हरकत आहे?

झेंडू काय, घाणेरी काय, दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. त्यांच्याशी आमचं वैर नाही. फुलपाखरू त्यांचा मध आनंदाने पितं. पण अळीला मध चालत नाही, तिला पान लागतं, आणि तेही ठरलेलंच. प्लेन टायगरला रुई, एमिग्रंटला बहावा किंवा टाकळा, डॅनाइड एगफ्लायला घोळ. कॉमन क्रोच्या अळ्या तर वडावरही वाढतात. पंचवटीच्या गावाला वडाचं मोल सांगायला हवं असं नाही, तरी सांगतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला, म्हणजे आपल्या नीलवंताला, राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर पोसते.

मधमाश्यांचा हिशेब निराळा आहे आणि तो थेट आपल्या जिल्ह्याच्या खिशाशी येतो. द्राक्षाला माशी नसली तरी चालतं. कांद्याच्या उळ्याला, म्हणजे बियाण्याला, मात्र ती लागतेच. डोंगळ्याच्या, म्हणजे कांद्याच्या फुलोऱ्याच्या, प्रत्येक फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे दुसऱ्या फुलावरून कुणीतरी पराग आणून दिल्याशिवाय बी नीट भरत नाही. सातेरी, फुलोरी, आग्या हे काम फुकट करतात आणि आपण ऐन फुलोऱ्यात फवारणी करतो. अर्थात गंगापूर रोडच्या बाल्कनीतली तुळस निफाडचा डोंगळा फळवणार नाही. सातेरीचा पल्ला जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरचा. तिथे बांधावरची बोर, करंजच हवीत, आणि बांध तर दरवर्षी बारीक होत चाललेत.

शहरात करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून लोकांनी देशी झाडांची देवराई उभी केली. इतकी जागा कुणाच्या दारात नसते, पण कढीपत्त्याची कुंडी असतेच. तिच्यावर कॉमन मॉर्मनची मादी उतरली की जरा बघत राहा. पुढच्या पायांनी ती पानावर टपटप करते. चव पायांनीच घेते. झाड ओळखीचं निघालं की कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, पिवळसर अंडं. त्यातून निघणारी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे तिला खायला कुणी धजत नाही. मोठी झाली की हिरवीगार. काडीने डिवचलीत तर डोक्यामागून तांबडी दुशिंगी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

घरात वाद होतो तो याच टप्प्यावर, कारण पोह्यांच्या फोडणीला पानं उरलेली नसतात. मग कुणीतरी फवारणीची बाटली आणतं. एवढं करू नका. कढीपत्ता पुन्हा फुटतो. वाटल्यास दोन कुंड्या ठेवा: एक फोडणीची, एक अळ्यांची. जागा असेल तर बाजूला एखादं रुईचं रोप, आणि तुळशीच्या थोड्या मंजिऱ्या न खुडता माश्यांसाठी. नर्सरीवाला 'कीड न लागणारं' झाड पुढे करेल, ते नको म्हणा. पानफुटी मूळची मादागास्करची, तरी तिच्यावर रेड पिएरोच्या अळ्या पानाच्या आत शिरून मजेत जगतात, तेव्हा देशी-विदेशीचा फार सोवळेपणाही नको.

अळ्या फोडणीच्या कुंडीत शिरल्या, तर फांदीसकट उचलून शेजारच्या कुंडीत ठेवा. चावत नाहीत.