प्रतिरूपक व्यवहार आणि मोटारीचे सुटे भाग

पवनी तालुक्यातील कोंढा येथील व्यापारी कुटुंबात मोटार केवळ हौसेसाठी नसते. मालाच्या खरेदीसाठी नागपूर, कचेरीच्या कामासाठी भंडारा, दर्शनासाठी रामटेक अशी ती सतत धावत असते. वॉरंटी संपली की ती कंपनीच्या सेवाकेंद्राऐवजी ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊ लागते आणि तेथे प्रश्न येतो, "ओरिजिनल टाकू की लोकल?" या प्रश्नात दोन नव्हे, तीन प्रकारचा माल दडलेला असतो.

मोटार कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला भाग हा पहिला प्रकार. अन्य उत्पादकाने स्वतःचे नाव घालून बनविलेला भाग हा दुसरा. तो स्वस्त असूनही चांगला असू शकतो. एकाने बनवून दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात भरलेला भाग हा तिसरा, आणि बनावट तोच. स्वस्त माल नेहमी बनावट नसतो, तसेच खोके अस्सल असले म्हणजे आतील वस्तू अस्सल असतेच असे नाही. रिकामी खोकी पुन्हा भरली जातात. म्हणून जुना भाग व नव्याचे खोके दोन्ही मागून घ्यावे आणि निकामी करून टाकावे.

बनावट भागाचा दोष बसविताना दिसत नाही. ऑइल फिल्टरमधील कागद निकृष्ट असला तर इंजिनाची झीज महिनोन्‌महिने चालू राहते. हलका ब्रेक पॅड गावातल्या गावात काम देतो. मात्र वारंवार ब्रेक लावून तापला की त्याची पकड सुटते. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने ऑक्टोबर २०१२ मध्ये बनावट एअरबॅगविषयी इशारा दिला होता. चाचणीत काही उघडल्याच नाहीत, तर एकीतून धातूचे तुकडे बाहेर फेकले गेले.

यावर उपाय साधे आहेत. गाडीच्या माहितीपुस्तिकेवरून अथवा सेवाकेंद्रातून भागाचा क्रमांक आधी मिळवावा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का, हे पाहावे. क्यूआर कोड असल्यास तो कंपनीच्या अधिकृत ॲपवरच तपासावा. ब्रेक, स्टीअरिंग व एअरबॅग यांच्या बाबतीत काटकसर करू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भागाचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. दुकानदाराचा पंधरा अक्षरांकांचा जीएसटी क्रमांक शासकीय पोर्टलवर क्षणात पडताळता येतो.

नेमके येथेच व्यापारी कुटुंबाचे पाऊल घसरते. स्वतःच्या दुकानात मापात तसूभर फरक न करणारा गृहस्थ गाडीच्या भागासाठी "बिलाशिवाय किती?" असे विचारतो. बहुतेक भागांवरील २८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला आहे. तो वाचविताना तक्रारीचा मुख्य पुरावाच हातचा जातो.

गल्ल्यामागे बसणाऱ्यासाठी हे बिल अधिकच मोलाचे. व्यापारचिन्ह कायदा १९९९, कलम १०४ अन्वये खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वाजवी दक्षता घेतली होती, संशयास कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला याची माहिती मागताच दिली, हे सिद्ध करणाऱ्यास कायदा संरक्षण देतो. खरेदीचे बिल नसेल तर हे सिद्ध करणार कसे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये बनावट मालामुळे मृत्यू ओढवल्यास शिक्षा किमान सात वर्षांची असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीचा माल घेणे हा 'तदाहृतादान' आणि अस्सल म्हणून नकली माल देणे हा 'प्रतिरूपक व्यवहार' यांचा स्पष्ट समावेश आहे. चोरलेल्या गाडीचे सुटे केलेले भाग पहिल्यात येतात, डुप्लिकेट खोके दुसऱ्यात. बिलाशिवाय स्वस्तात मागणारा ग्राहक या दोन्ही व्यवहारांना बाजारात जागा करून देतो.

फसवणूक झालीच, तर भाग, खोके व बिल जपून ठेवावे, मूळ कंपनीला कळवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ओळखीच्या मिस्त्रीला दोष देण्यापूर्वी त्यालाही हे दाखवावे. पुष्कळदा तोही फसलेला असतो.