वय वर्षे आठ आणि पुढे

प्लास्टिकच्या विमानाच्या खोक्यावर एका कोपऱ्यात '८+' असं छापलेलं असतं. म्हणजे आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नये. वरची मर्यादा मात्र कुठेच छापलेली नसते. हा मुद्दा मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण २०२५ च्या दिवाळीआधीच्या तीन-साडेतीन आठवड्यांत माझ्यावर जे आरोप झाले त्यांतला पहिला वयाचाच होता.

माझं वय सेहेचाळीस. शिक्षण बी.कॉम. नोकरी फर्दापुरात, बँकेत क्लार्क. फर्दापूर म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांचा उंबरठा. जगातले लोक इथे टी पॉइंटवर गाड्या लावतात, एस.टी.च्या बसने चार किलोमीटरवर लेण्यांत जातात, आणि परत येताना रंगीत दगड नि मुठीएवढा बुद्ध विकत घेतात. त्या बुद्धाचा उपयोग काय, असं त्यांना कोणी विचारत नाही. मला मात्र विचारलं. हेडमास्तरांनी विचारलं, कॅशियरने विचारलं, एका पेन्शनर बाईंनी तर हयातीच्या दाखल्याचा अर्ज भरता भरता विचारलं. म्हणून हा लेख. यात कोणाला काही लागलं तर ते लागावं म्हणूनच लिहिलेलं आहे.

त्याचं असं झालं. आमचे मामा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. नाशिकजवळचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ साली उभा राहिला तोच मुळी मिग-२१ बांधायला. मामांची सगळी उमेद त्या विमानात गेली. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०२२ साली, माझ्या मुलाच्या चौदाव्या वाढदिवसाला त्यांनी एक खोका आणला. आत मिग-२१, एकास बहात्तर मापाचं, सुटं. "मी मोठी जोडली, तू धाकटं जोड," म्हणाले. पोरगा नववीत. मी खोका हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि गोदरेजच्या कपाटावर ठेवून दिला. "दहावी झाल्यावर."

दहावी झाली. मग "बारावी झाल्यावर". मुलगा संभाजीनगरला होस्टेलवर गेला, क्लास सुरू झाले, खोका कपाटावर राहिला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत कपाटावर जे जे काही असतं ते सगळं कुठल्यातरी परीक्षेनंतरचं असतं. कोणाची पेटी, कोणाची रंगांची डबी, कोणाचा कॅरमबोर्ड. परीक्षा संपतात. खाली काहीच उतरत नाही. उतरते ती फक्त धूळ, तीही दिवाळीच्या साफसफाईला.

आणि मग २६ सप्टेंबर २०२५ आला. त्या दिवशी चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. १९६३ साली आलेलं विमान बासष्ट वर्षांनी थांबलं. टीव्हीवर एक निवेदक सारखा 'उडती शवपेटी, उडती शवपेटी' करत होता. तेवढ्यात मामांचा फोन. आवाज जड. म्हणाले, "एकाहत्तरच्या डिसेंबरात ढाक्यावर कोण गेलं होतं म्हणावं याला. ते जाऊ दे. आपला खोका उघडला का रे?"

बँकेत मी चोवीस वर्षं काढली. "साहेब जेवायला गेलेत" याखेरीज खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. पण त्या आवाजापुढे माझ्या तोंडून निघून गेलं, "हो तर! अर्धं झालं. दिवाळीला या, बघायला मिळेल."

फोन ठेवला नि स्टूल आणलं.

खोक्यात त्रेचाळीस भाग निघाले. पापडाएवढ्या चौकटींना कैऱ्या लोंबाव्यात तसे लोंबत होते. गणिताची मला भीती नाही. एकास बहात्तर म्हणजे एका इंचात सहा फूट. खऱ्या मिगची पंखापासून पंखापर्यंतची रुंदी सव्वासात मीटरच्या आत, म्हणजे माझं विमान जेमतेम दहा सेंटिमीटर. साडेपाच फुटी वैमानिक एक इंचही भरत नाही. हा हिशोब मी डेबिट-क्रेडिटसारखा चोख मांडला, आणि पहिला भाग नेलकटरने कापायला घेतला, तर तो उडून फ्रिजखाली गेला.

विमानाच्या नाकासमोर सुईसारखी एक लांब नळी असते. तीच ती. सकाळी केर काढताना आमच्या सौ.नी ती इमानेइतबारे कचऱ्यात टाकली. तिच्या जागी अखेर मी बँकेतली टाचणी लावली. सरकारी मालमत्तेचा हा अपहार मी इथे कबूल करतो.

पण खरा धडा मला गोंदाने दिला. खोक्यात गोंद नसतो. फर्दापुरात मिळतो तो चुटकीसरशी चिकटणारा. तो मी कॉकपिटच्या काचेला लावला आणि रात्री समाधानाने झोपलो. सकाळी पाहतो तर काचेवर दाट धुकं! त्या गोंदाची वाफ काचेसारख्या प्लास्टिकवर पांढरी बसते, हे त्यावर कुठे लिहिलेलं नसतं. माझा वैमानिक तेव्हापासून माघातल्या पहाटेत उडतो आहे. मग कुरिअरने या कामाचा खास गोंद मागवला. तो गोंद नव्हेच. तो प्लास्टिकच्या दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि वाळून एक होतात. थेंबभर पुरतो. मी वरण वाढल्यासारखा वाढला, वर अंगठ्याने दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा डाव्या पंखावर माझा ठसा उमटलेला होता, रेघान्‌रेघ. बँकेत आम्ही अंगठा घेतो तेव्हा शेजारी साक्षीदाराची सही लागते. इथे साक्षीदार कोणी नव्हता, म्हणून मी पुरावा नष्ट करायला गेलो. सौ.चा नेलपॉलिश काढायचा रिमूव्हर घेतला. त्यातलं ॲसिटोन या प्लास्टिकला गोंदापेक्षाही जास्त लागतं. पंखाची कड मेणबत्तीसारखी ओघळली.

इथे हेडमास्तर आले. निवृत्त आहेत, शेजारी राहतात, आमच्याकडचा पेपर वाचतात. म्हणाले, "क्लार्कसाहेब, याचा उपयोग काय?"

मी त्यांना विचारतो, आणि तुम्हालाही विचारतो: उपयोग या शब्दाचं एवढं कसलं कौतुक? हेडमास्तर रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, दुसऱ्या दिवशी उत्तर ताडून पाहतात, चुकलं तर संपादकाला नावं ठेवतात. त्याचा उपयोग काय? आमच्या पोरांना आपण चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षांना का बसवतो? चित्र आवडतं म्हणून? छे! दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. पोहण्याला पदक पाहिजे, गाण्याला विशारद पाहिजे. नुसतं गुणगुणणारं पोर दिसलं की आपल्याला त्याच्या भवितव्याची काळजी वाटते. ज्याची पावती मिळत नाही ते काम करू नये, हा कायदा आपल्या वर्गाने कधी पास केला, ते मला तरी कळलेलं नाही. पण अंमलबजावणी कडक आहे.

दुसरा पक्ष आमच्या कॅशियरचा. हा पक्ष उपयोगाचं विचारत नाही. तो म्हणतो, "करायचं तर झकास करा, नाहीतर करू नका." मोबाइलवर त्याने मला कुठल्याशा परदेशी गृहस्थाचं विमान दाखवलं. त्याच्या धुराड्यावरची काजळीसुद्धा खरी! वर म्हणाला, "आणि आपल्या कांदिवलीच्या अमोल यादवांनी तर इमारतीच्या गच्चीवर खरं विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडियात होतं." होतं. माझा त्यांना नमस्कार आहे. पण म्हणून मी काय करायचं? ज्याला कुमार गंधर्व होता येत नाही त्याने स्नानगृहातही गाऊ नये? चाळिशीनंतर आपण फक्त येतं तेवढंच करतो. मी व्हाउचर तपासतो, हेडमास्तर उपदेश करतात. नवशिका होणं आपल्याला इतकं लाजिरवाणं वाटतं, की सायकल शिकायची राहिली असेल तर माणूस तसाच मरतो.

या पक्षाने एकदा वर लेण्यांत जाऊन यावं. चार किलोमीटर. चोवीस नंबरचं लेणं पाहावं. पुरं झालं असतं तर तिथल्या मोठ्यात मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. ते अर्ध्यावर राहिलं आहे. छिन्नी कुठवर आली होती ते अजून खडकात दिसतं. कोणी ते पाडून टाकलं नाही, की 'झकास नाही' म्हणून बुजवलंही नाही. आणि चुकांचंच म्हणाल तर तज्ज्ञांच्याही आहेत. निजाम सरकारने १९२० साली इटलीहून दोन जाणकार आणले, चित्रं वाचवायला. त्यांनी चित्रांवर लाखेचं वॉर्निश फिरवलं. पुढे ते पिवळं पडलं नि चित्रांवर मळभ आलं. ही बातमी मला माझ्या काचेवरच्या धुक्यानंतर फार दिलासा देऊन गेली.

मात्र एका बाबतीत मी अजिंठ्याचा अपराधी आहे. तिथल्या कारागिरांनी खडकावर थेट रंग लावला नाही. आधी मातीचा लेप, त्यात भाताचा तूस नि काड्या, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. आमच्या इथला गाइड दिवसातून चारदा हे सांगतो. मी वीस वर्षं ऐकतो आहे. तरी मी अस्तर न देता उघड्या प्लास्टिकवर ग्रिलला लावायचा चंदेरी रंग मारला. तो दोन दिवसांत नखाने सुटायला लागला. सगळा खरवडला, राखाडी अस्तर दिलं, वाळू दिलं, मग पातळ हात दिले, एकावर एक. हे करताना एका रात्री साडेअकरा वाजले. घर शांत. माझ्या हातात ते दहा सेंटिमीटरचं विमान, आणि मला मोजता मोजता आठवलं की या खोक्याबद्दल पोराने मला तीनदा विचारलं होतं. एकदा दिवाळीच्या सुट्टीत, एकदा उन्हाळ्यात, एकदा ताप आला होता तेव्हा. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही. मी तेव्हा सौ.ला कौतुकाने म्हणालो होतो, "पोरगा समजूतदार झाला."

म्हणजे उपयोगवाल्यांच्या पक्षाचा फर्दापूर शाखेचा मॅनेजर मीच की. हेडमास्तर नुसते खातेदार.

उरलेलं काम थोडक्यात सांगतो. तीन चाकांवर उभं केलं तर विमान शेपटीवर बसलं; नाकात सायकलचे छर्रे भरायला हवे होते, ते मागाहून एका फटीतून सोडले. वैमानिकाचं तोंड रंगवताना दोन्ही डोळे एकाच बाजूला आले. पंखावरचं तिरंगी वर्तुळ कागदावर असतं, कोमट पाण्यात बुडवलं की सुटतं, मग ते जागेवर सरकवायचं. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. डावं नीट बसलं, नेमकं अंगठ्याच्या ठशावर. उजवं स्वतःवरच दुमडलं, पाटोडीच्या वडीसारखं. ते सोडवायला दीड तास लागला. त्या दीड तासात मला एकदाही व्याजदर आठवला नाही.

सगळं झाल्यावर एक भाग शिल्लक राहिला. त्रेचाळिसातला एक. बँकेत ताळा जुळला नाही तर रक्कम उचंत खात्यात टाकायची सोय असते. मी तो भाग एका काडेपेटीत टाकला नि काडेपेटी खिशात.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दोघेही आले, मामा ओझरहून आणि पोरगा होस्टेलवरून. विमान टीव्हीशेजारी होतं. मामांनी चष्मा लावला, विमान तळहातावर घेतलं, खिडकीशी नेलं. मी उगाच "पहिलंच आहे" वगैरे म्हणत होतो. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक कामावर इन्स्पेक्टरचा शिक्का लागायचा. इथे अंगठा दिसतोय."

पोरगा हसला. मग त्याने विमान घेतलं, टाचणीवरून हळूच बोट फिरवलं. म्हणाला, "बाबा, हे माझं होतं ना?"

"हो."

तो काही बोलला नाही. मलाही सुचेना. शेवटी मी खिशातली काडेपेटी काढून त्याच्या हातावर रिकामी केली. "हा एक राहिला. कुठला ते कळत नाही."

त्याने तो उजेडात धरला. मामांनी सूचनांचा कागद उलगडला. दोघांची डोकी त्यावर वाकली. पंधरा मिनिटांनी मामा म्हणाले, "आतला आहे रे. सीटच्या मागचा. धड उघडावं लागणार." आणि वर आनंदाने, "ओव्हरहॉल! ओझरला मी हेही पुष्कळ केलंय."

बारावीला चार महिनेही उरले नव्हते. टेबलावर फिजिक्सचं पुस्तक उघडं होतं. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी ते पुस्तक उचलून कपाटावर ठेवलं, टेबलावर पेपर पसरला, आणि हेडमास्तर आत डोकावत होते त्यांना दारातच सांगितलं, की पेपर आज मिळायचा नाही.