एक्स-रेच्या डिटेक्टरचीही तपासणी

एक्स-रे संगणकावर निघाला म्हणजे तो अचूकच असणार, असा समज घरोघरी आढळतो. प्रत्यक्षात ज्या उपकरणावर हे चित्र उमटते, त्याचीही प्रकृती वेळोवेळी तपासावी लागते.

डिजिटल एक्स-रेमध्ये फिल्मची जागा डिटेक्टरने घेतली आहे. अनेक डिटेक्टरांत सीझियम आयोडाइडचा थर क्ष-किरणांचे प्रकाशात रूपांतर करतो आणि त्याखालील लक्षावधी सूक्ष्म पिक्सेल त्या प्रकाशापासून विद्युत संकेत निर्माण करतात. युरोपातील ‘सर्न’ या संस्थेच्या पुढाकाराने विकसित झालेली मेडिपिक्स३ ही चिप याहून पुढची आहे. तिच्यात ६५,५३६ पिक्सेल असून प्रत्येकाची बाजू केवळ ५५ मायक्रोमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी असते. ती क्ष-किरणांचा एकेक कण मोजते आणि त्याच्या ऊर्जेचाही अंदाज घेते.

डिटेक्टरची तपासणी टप्प्याटप्प्याने होते. प्रथम किरण न सोडताच चित्र घेतात. त्यात जे दिसेल तो डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट. मग मध्ये काहीही न ठेवता सर्वत्र सारखे किरण सोडतात. जे पिक्सेल प्रतिसाद देत नाहीत, त्यांची नोंद होते. पुढे शिशाच्या बारीक रेषांची पट्टी ठेवून किती जवळच्या रेषा वेगळ्या दिसतात, हे पाहतात. कण मोजणाऱ्या चिपला ज्ञात ऊर्जेचे किरण देऊन तिचे मोजमाप जुळवून घेतात.

याचा आपल्याशी संबंध काय? निकामी पिक्सेलची जागा संगणक शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतो. असे पिक्सेल तुरळक असल्यास बिघडत नाही. परंतु ते एकाच ठिकाणी दाटले, तर हाडाची बारीक भेग नेमकी तेथेच हरवू शकते. शिवाय चित्र अस्पष्ट आले की पुन्हा एक्स-रे काढावा लागतो आणि किरणोत्सर्गाची मात्रा वाढते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून साधारण दहा दिवसांत मिळते तेवढीच असते. तिची भीती नको, पण ती विनाकारण दुप्पटही व्हायला नको.

म्हणून केंद्राकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, यंत्राची गुणवत्ता-चाचणी वेळेवर झाली आहे का, हे निःसंकोच विचारावे. जुने एक्स-रेही सोबत न्यावेत. तुलनेने निदान सुकर होते.

आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. डिटेक्टर निर्दोष असला, तरी खुब्याचे काही अस्थिभंग साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. घरातील आजी-आजोबा पडल्यानंतर रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, पण पायावर भार देता येत नसेल किंवा जांघेत वेदना असेल, तर त्यांना चालवू नका. त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांना दाखवा. सीटी स्कॅन किंवा एमआरआयची गरज भासू शकते. यंत्राच्या चित्राइतकीच रुग्णाची वेदनाही खरी असते.