नेट नसलेला लॅपटॉप

१७ मार्च २०२५ ला महालात दगडफेक, जाळपोळ झाली, मग संचारबंदी. रमजानचे दिवस. लिहायला बसलो की मोबाइल थरथरायचा: कुणाचा व्हिडिओ, कुणाची 'पक्की' खबर. चार ओळी व्हायच्या, त्याही फॉरवर्डांना दिलेलं उत्तर असायच्या.

शेवटी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन चढवलं आणि वायफायचं कार्ड काढूनच टाकलं. वाटलं, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं पुरेत. पण लिनक्सच्या त्या कन्सोलवर मराठी धड उमटतच नाही, जोडाक्षरं तर दूरच. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण कळायचीही नाही! मग हलकं एलएक्सक्यूटी, लोहित फॉन्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि लिहायला फोकसरायटर. सगळं मुक्त, एक रुपया लागला नाही.

हे पळून जाणं आहे, असं एक मित्र म्हणाला. मला पटत नाही. बातम्या मी वाचतोच, उठून दुसऱ्या खोलीत जाऊन. पण आपल्या मोहल्ल्यावर लिहायचं तर स्वतः काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं, हे आधी वेगळं करावं लागतं. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी फजरनंतर पुन्हा वाचतो. निम्मी वाक्यं तेव्हाच उडतात. उरलेली पेन ड्राइव्हवर घेतो.